अपघातात किरकोळ दुखापत झाली, इन्शुरन्स कंपनीशी बोलणी कशी करायची?

नगर-मनमाड रोड असो, सुप्याकडचा पुणे हायवे असो नाहीतर गावातला शिवरस्ता. कारची मोटारसायकलला धडक बसते, माणूस पडतो, मनगट सुजतं, गुडघा फुटतो. पाच मिनिटांत गर्दी जमते आणि कुणीतरी जाणता पुढे होतो : "जाऊ द्या, पाच-दहा हजार घ्या अन् मिटवा." कारवाला पैसे काढतो, कागदावर सही होते. चार दिवसांनी एक्स-रे काढल्यावर कळतं, हाडाला चीर आहे. आता प्लास्टर, दीड-दोन महिने काम बंद, आणि कारवाला फोन उचलत नाही.

म्हणून पहिली गोष्ट. जागेवर मिटवायचं असेल तर गाडीच्या नुकसानीचं मिटवा. अंगाच्या दुखापतीचं डॉक्टरनी तपासल्याशिवाय मिटवू नका, आणि 'माझी काही तक्रार नाही' असं तर मुळीच लिहून देऊ नका.

समोरचा गाडीवाला पुष्कळदा ओळखीचा किंवा भावकीतलाच निघतो, आणि तिथं माणूस अवघडतो. पण त्याच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल आणि चालवणाऱ्याकडं लायसन्स असेल तर भरपाई कंपनी देते, त्याच्या खिशातून जात नाही. थर्ड पार्टी क्लेममुळं त्याचा नो क्लेम बोनसही जात नाही. पोलीस केस मात्र चालवणाऱ्यावर होते, त्याची भीती खरी आहे. ती मान्य करूनच बोलावं. विमा चालू आहे का, हे गाडीच्या नंबरवरून एम-परिवहन ॲपवर पाहता येतं. एमएच १६ असो की एमएच १७.

किरकोळ म्हणजे किती किरकोळ?

आपण ज्याला 'थोडंसं लागलं' म्हणतो, ते कायद्यात 'गंभीर दुखापत' असू शकतं. हाड मोडलं, हाडाला चीर गेली, सांधा निखळला, दात पडला, तर ती गंभीर दुखापत. जुन्या भारतीय दंड विधानात २० दिवस तीव्र वेदना किंवा रोजचं काम करता न येणं हीसुद्धा गंभीर दुखापत होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत हे दिवस १५ वर आले.

हा फरक पैशाचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला ठरलेली रक्कम अडीच लाख रुपये आहे, मृत्यूला पाच लाख. १ एप्रिल २०२२ पासून ही तरतूद लागू आहे. यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. दुसरा रस्ता कलम १६६ चा. तिथं समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला वरची मर्यादा नाही. दोन्ही ताटांत जेवता येत नाही. १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. बोट वळत नाही, हात पूर्ण वर जात नाही, असं काही कायमचं राहणार असेल तर आधी जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला घ्या आणि मगच ठरवा.

कागद

ग्रामीण रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात गेल्यावर 'अपघात झालाय' असं स्पष्ट सांगा आणि एमएलसी नोंद करायला लावा. बरेच जण केस नको म्हणून 'घरात पडलो' सांगतात. पुढं कंपनीचा वकील नेमका तोच केसपेपर दाखवतो. एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला मोफत मिळते. उपचारात फिर्यादीला उशीर झाला तरी घाबरू नका, केवळ उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये सांगितलं आहे. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा असतो. तो ट्रिब्युनलकडं आणि विमा कंपनीकडं जातो. ठाण्यात जाऊन तो गेला का, हे विचारत राहा.

मेडिकलची पक्की बिलं, एक्स-रेची फिल्म, डॉक्टरनी किती दिवस विश्रांती सांगितली त्याची चिठ्ठी, नगरला जा-ये केलेल्या गाडीची पावती, सगळं एका पिशवीत ठेवा. शेतकऱ्याला आणि मजुराला पगाराची स्लिप कुठून येणार? पण डेअरीचं दुधाचं बिल, कारखान्याची ऊसबिलाची पावती, मुकादमाचा किंवा ठेकेदाराचा लेखी दाखला चालतो. धारा काढायला गडी लावला असेल तर त्याला दिलेल्या पैशाची सही घ्या. घरकाम करणाऱ्या बाईच्या कामालाही कोर्ट किंमत धरतं, ती मागायला लाजू नये.

आता आकडा

सुप्रीम कोर्टानं २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात दुखापतीच्या भरपाईची खाती सांगितली आहेत. साध्या दुखापतीत सहसा तीनच लागतात : उपचार आणि त्यासोबतचा प्रवास-आहाराचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, आणि वेदना व त्रास.

समजा, पारनेर तालुक्यातल्या एका गवंड्याच्या मनगटाला चीर गेली. रोज ८०० रुपये, महिन्याला २४ दिवस काम, दोन महिने घरी. बुडाले ३८,४००. दवाखाना-औषध २६,५००, प्रवास ३,०००, आहार व सोबतीचा माणूस ५,०००. वेदनेचे ३०,००० मागितले तर बेरीज १,०२,९०० होते. कंपनीचा माणूस येऊन म्हणतो, "चाळीस हजार देतो, आज सही करा." त्याला एकच प्रश्न विचारायचा : कोणत्या खात्यात किती धरले, ते लेखी द्या. त्याच्याकडं बहुधा उत्तर नसतं. आणि हाडाला चीर असल्यानं याच गवंड्याला कलम १६४ खाली अडीच लाख मागता येतात, हे तो स्वतःहून सांगेल अशी आशा धरू नका.

हाड शाबूत असेल, आठवडाभरात माणूस कामाला लागला असेल, तर मात्र आकडा लहानच राहणार. तिथं लाखाची मागणी करून दोन वर्षं तारखा करण्यापेक्षा खरी बिलं दाखवून लवकर मिटवणं शहाणपणाचं.

कंपनी आणखी काही मुद्दे काढते. 'तुम्ही ट्रिपल सीट होता.' ट्रिपल सीट म्हणून दंड होईल, पण त्यामुळंच अपघात झाला हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आहे. 'तुमच्या मेडिक्लेमनं बिल भरलंय ना?' मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे की मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत, कारण त्याचा हप्ता तुम्ही भरलेला असतो.

घरी येऊन 'फुल अँड फायनल' कागदावर सही मागितली तर देऊ नका. कलम १४९ प्रमाणे कंपनीनं तडजोडीसाठी अधिकारी नेमायचा, त्यानं ३० दिवसांत ट्रिब्युनलपुढं ऑफर ठेवायची. तुम्ही हो म्हणालात तर नोंद होते आणि नंतर ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही म्हणालात तर सुनावणी लागते, नुकसान काही नाही. दावा दाखल असेल तर त्या तारखेपासूनचं व्याजही बोलणीत मागा.

लोकअदालतीत प्रकरणं झटपट मिटतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून आत जाण्याआधी आपला खालचा आकडा घरच्यांशी बोलून पक्का करा. 'क्लेम काढून देतो, तीस टक्के द्या' म्हणणारे दवाखान्याच्या दारातच भेटतात. वकिलाला भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलची मनाई आहे, एजंटाची तर गोष्टच सोडा.

काही ठिकाणी हा रस्ता बंद असतो. आपलीच गाडी आपणच चालवताना घसरून पडलो तर थर्ड पार्टी मिळत नाही. पिकअपमध्ये किंवा ट्रॉलीत फुकट बसून जाणाऱ्या माणसाला त्या गाडीच्या विम्याचं संरक्षण सहसा नसतं. दुसऱ्या गाडीनं ठोकलं असेल तर तिच्या कंपनीकडं मागता येतं. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर गंभीर दुखापतीला सरकारी योजनेतून ५०,००० रुपये आहेत, त्याचा अर्ज महसूल कार्यालयात करायचा.

दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. या मुदतीवर सुप्रीम कोर्टात वाद झाला आहे, पण त्या भरवशावर बसू नका. अपघात चाकणला झाला तरी राहणारे कर्जतचे असाल तर दावा आपल्या जिल्ह्यात करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. जाताना एफआयआर, आधार आणि बँकेचं पासबुक सोबत न्या.