गोळी मिळते, पण माहिती का मिळत नाही?

आज जायचंय वाशीला. नवी मुंबईतल्या नाही हं, धाराशिव जिल्ह्यातल्या. तालुक्याचं गाव आणि प्रश्न साधा: मेडिकलवर गोळी हातात पडते, पण ती कशी घ्यायची हे नीट सांगतं का कुणी? कधी सांगतात, कधी नाही. असं का? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

जुन्या दवाखान्यात डॉक्टर औषध लिहून द्यायचे आणि कंपाउंडर मिक्श्चर तयार करायचा. बाटलीवर खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. एक खाच, एक डोस. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळायचं. म्हणजे औषध बनवणारा आणि समजावणारा माणूस एकच. पुढे कारखान्यातल्या तयार गोळ्या आल्या. पट्टी गेली, स्ट्रिप आली.

आता कायदा बघू. 1930 मध्ये सरकारने राम नाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाची मोठी काळजी होती भेसळीची. पुढे 1940 चा औषध कायदा आला. पण तेव्हा वाशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा इथे लागूच नव्हता! 1948 मध्ये फार्मसी कायदा आला, त्याच वर्षी हैदराबादही भारतात आलं.

क्रम लक्षात घ्या. आधी कायदा म्हणाला, औषध शुद्ध हवं. मग म्हणाला, देणारा शिकलेला हवा. पेशंटला काय काय सांगायचं, याची सविस्तर यादी आली थेट 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत: डोस किती, किती दिवस, दुष्परिणाम कोणते, ठेवायचं कुठे, डोस चुकला तर काय.

मग अडतं कुठे? पहिलं, काउंटरवर फार्मासिस्ट असतो का? 2012 च्या सुमारास महेश झगडे राज्याचे एफडीए आयुक्त असताना याच मुद्द्यावर कारवाई झाली आणि औषध विक्रेते विरोधात उभे राहिले.

दुसरं, पैसा. सरकारने किंमत ठरवून दिलेल्या औषधांवर दुकानदाराचं मार्जिन 16 टक्के. ते गोळी विकण्याचं. पाच मिनिटं समजावण्याचे वेगळे पैसे नाहीत. इंग्लंडमध्ये 2011 पासून दमा, मधुमेह, बीपी अशा आजारांचं नवं औषध सुरू झालं, की फार्मासिस्टने पेशंटशी बोलण्याचे पैसे सरकारी आरोग्य सेवा देते. तिथे बोलणं हेच काम धरलंय.

तिसरं, गर्दी. आणि चौथं, आपण. चिठ्ठी सरकवतो, पैसे देतो, निघतो. विचारणाऱ्याला निदान उत्तर तरी मिळतं.

याची किंमत मोठी आहे. इनहेलर चुकीचा ओढला, तर औषध घशातच राहतं आणि दमा तसाच. बरं वाटलं म्हणून बीपीची गोळी मनाने बंद केली, तर बीपी गुपचूप वर चढतं.

नियम बदलायला वेळ लागेल, पण चार प्रश्न आजच विचारता येतात: कशासाठी? कधी आणि किती? किती दिवस? डोस चुकला तर? घरच्यांसाठी औषध आणायला बहुतेक वेळा तुम्हीच जाता ना? मग उत्तरं तिथेच मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा आणि घरी ऐकवा.

भेटू पुढच्या भागात!