थँक्सगिव्हिंगच्या ताटातलं जुनं आणि नवं

नोव्हेंबरात एखाद्या अमेरिकन मित्राच्या घरी तुम्ही थँक्सगिव्हिंगला गेला असाल, तर टर्की, क्रॅनबेरी, भोपळ्याचा पाय आणि ग्रीन बीन कॅसरोल हे सगळं टेबलावर पाहिलं असेल. 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच असतं' हे वाक्यही ऐकलं असेल. पण हे 'पहिल्यापासून' म्हणजे नक्की कधीपासून?

1621च्या शरद ऋतूत प्लिमथला झालेल्या मेजवानीबद्दल एडवर्ड विन्स्लोने लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात शिकार केलेले पक्षी आहेत, मॅसासॉइटबरोबर आलेले सुमारे 90 वाम्पानोआग पुरुष आहेत आणि त्यांनी आणलेली 5 हरणं आहेत. क्रॅनबेरी, बटाटे, भोपळ्याचा पाय यांचा त्यात उल्लेखच नाही.

मग हे ताट आलं कुठून? सारा जोसेफा हेल ही न्यू हॅम्पशायरची लेखिका. 1827च्या आपल्या कादंबरीत तिने भाजलेली टर्की आणि भोपळ्याचा पाय असलेल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं सविस्तर वर्णन केलं. पुढे एका लोकप्रिय मासिकाची संपादक म्हणून तिने हा सण राष्ट्रीय व्हावा यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 1863मध्ये, ऐन यादवी युद्धात, लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. देश दुभंगलेला असताना सगळ्यांनी एकाच दिवशी जेवायला बसावं, यामागे राजकारण होतंच.

1939मध्ये रूझवेल्टने तारीख आठवडाभर अलीकडे आणली, कारण दुकानदारांना नाताळच्या खरेदीसाठी जास्त दिवस हवे होते. बरीच राज्यं ऐकेनात. शेवटी 1941मध्ये काँग्रेसने चौथा गुरुवार कायद्याने ठरवला. आणि ग्रीन बीन कॅसरोल? ते 1955मध्ये कॅम्पबेल कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायलीच्या टीमने तयार केलं. कंपनीच्या डबाबंद सूपचा खप वाढवणारी ती पाककृती एका पिढीत 'आजीची' झाली.

हे सगळं खोटं आहे, असं मला म्हणायचं नाही. आपल्या उपासाच्या खिचडीतला बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि आजचा साबुदाणा ज्यापासून होतो तो कंदसुद्धा मूळचा अमेरिका खंडातलाच. म्हणून आईचा उपास खोटा ठरत नाही.

पण परंपरा घडताना काही माणसं टेबलावरून उठवली जातात, हेही खरं. 1970मध्ये प्लिमथच्या 350व्या वर्धापनाच्या सोहळ्यात वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग वक्त्याला बोलावलं गेलं, पण त्याचं भाषण आधी वाचल्यावर आयोजकांनी ते करू दिलं नाही. तेव्हापासून त्याच दिवशी तिथे 'राष्ट्रीय शोकदिन' पाळला जातो.

तेव्हा यंदा तुम्ही आमटी किंवा पुरणपोळी घेऊन गेलात, तर 'हे इथलं नाही' म्हणून संकोचू नका. जेवताना इतकंच विचारा, की यातला कुठला पदार्थ घरात कोणी आणि कधी आणला. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.