बोट लागणे

मराठीत माणसाचे जे जे हाल होतात त्यांतल्या बऱ्याचशांना 'लागणे' हे एकच क्रियापद पुरते. ठेच लागते, उचकी लागते, साडेसाती लागते. त्याच चालीवर गाडी लागते आणि बोटही लागते. पैकी 'बोट लागली' हे वाक्य मोठे फसवे आहे. बोट धक्क्याला लागली की पोटाला, हे सांगणाऱ्याचा चेहरा पाहिल्याशिवाय कळत नाही. माझा चेहरा पाहिल्यावर कुणालाही पुढे काही विचारावे लागत नाही.

मी मूळचा पाथर्डीचा. पाथर्डी हे गाव नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे) गर्भगिरीच्या डोंगरांशी वसलेले आहे. आमच्याकडे मढीला कानिफनाथ आहेत, मोहट्याला देवी आहे, शेळ्या उदंड आहेत. नाही ते फक्त पाणी. १९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. विहीर म्हणजे ज्यात माणसे पहार घेऊन उतरतात आणि माती घेऊन वर येतात असा खड्डा, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पुढे दोन वर्षांनी पाऊस झाला, त्या खड्ड्यात पाणी आले आणि चुलत्यांनी पाठीला रिकामा डबा बांधून मला आत ढकलले. डबा राहिला वर आणि मी गेलो खाली. दोर सुटला होता. तात्यांनी उडी मारून माझ्या केसांना धरून मला वर काढले. ते केस आता नाहीत. भीती मात्र शाबूत राहिली. त्यानंतर पन्नास वर्षे गळ्याच्या वर पाणी म्हटले की मी फक्त तांब्याने घेत आलो.

अशा माणसाला लेकीने षष्ट्यब्दीपूर्तीची भेट काय द्यावी? तर मालवणला स्कूबा डायव्हिंगचे शिक्षण! सौ. म्हणाली, "अहो, ती एवढी हौसेने देतेय तर जाऊ या की. मीही उतरते." बायको उतरणार म्हटल्यावर नवऱ्याला काठावर उभे राहता येत नाही. डॉक्टरने तपासून कागदावर सही केली. तो काही तरी खोट काढेल या आशेवर मी होतो. त्याने तीही ठेवली नाही.

घाबरलेला माणूस वाचू लागतो. मीही वाचनालय धुंडाळले आणि पहिलाच धक्का बसला. मळमळीला इंग्रजीत जो नॉशिया शब्द आहे तो ग्रीकांच्या 'नाऊस'पासून, म्हणजे जहाजापासून आला. आणि हा 'नाऊस' आपल्या 'नौके'चा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे नौका आणि ओकारी यांचे नाते रक्ताचे! ट्रॅफल्गरची लढाई मारणारा ॲडमिरल नेल्सन जन्मभर बोट लागते म्हणून हैराण असे. डार्विनसाहेब १८३१ साली 'बीगल' जहाजावर चढले आणि १८३६ साली उतरले. मधल्या काळात समुद्र खवळला की आडवे होऊन बिस्किटे आणि बेदाण्यांवर राहत. उत्क्रांतीचा शोध लावणाऱ्यालाही पोटाची क्रांती आवरली नाही, हे वाचून मला फार धीर आला.

कारण सारे कानात आहे. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते, "आपण हलतोय." डोळे बोटीच्या फळीकडे बघून सांगतात, "छे, आपण स्थिर आहोत." या दोघांच्या भांडणात, घरोघरी होते तसे, बिचाऱ्या तिसऱ्याला, म्हणजे पोटाला, भोगावे लागते. यावरचे औषधही गमतीने सापडले. १९४७ साली अमेरिकेत बाल्टिमोरला अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला डॉक्टरांनी नवे औषध दिले. पित्ताचे काय झाले ते असो, पण बाईंना रोज ट्राम लागायची, ती लागेनाशी झाली. मग तेच औषध जहाजभर सैनिकांना देऊन पाहिले, आणि ड्रामामिन बाजारात आले. पित्ताच्या गोळीने मळमळ थांबते हे आमच्या आजीने त्यांना फुकट सांगितले असते. मी मात्र खिशात आलेपाक ठेवला.

पाण्याखाली जाण्याचा इतिहासही असाच धडपड्यांचा आहे. धूमकेतूवाला हॅली १६९१ साली एक मोठी घंटा पालथी घालून तिच्यातल्या हवेवर समुद्रात बसला. त्याचे कान ठणकले. कारण दर दहा मीटरला पाण्याचा दाब वातावरणाच्या एका दाबाइतका वाढतो. नाक दाबून फुंकर मारली की कान मोकळे होतात. ही युक्ती व्हाल्साल्व्हा या इटालियन वैद्याच्या नावाने चालते. त्याने ती १७०४ सालच्या ग्रंथात सांगितली, तीही कानातला पू काढण्यासाठी! खोलवरून घाईने वर येणाऱ्यांचे सांधे धरू नयेत म्हणून काय करावे याचा छडा हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने लावला. त्याने दाबाच्या कोठीत शेळ्या कोंडल्या आणि बाहेर काढल्यावर कोणती लंगडते ते पाहिले. १९०८ साली त्याने टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके छापली. शेळीचा एवढा सन्मान आमच्या तालुक्यातही कुणी केलेला नाही.

पण कळस पुढेच आहे. पाठीवरच्या नळकांड्यातली हवा माणसाने श्वास ओढला की तेवढीच, हव्या त्या दाबाने देणारी कळ १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने बनवली. गान्यांकडे ती आधीच होती, पण कशासाठी? महायुद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायच्या, त्यासाठी! म्हणजे ज्याला जन्मभर गाडी लागली त्याच्या तोंडात अखेर गाडीचाच पार्ट.

मालवणपर्यंतचा प्रवास वर्णन करीत नाही. फोंडा घाटात दोनदा गाडी थांबवली, एवढे पुरे.

पहिले दोन दिवस तलावात गेले. शिकवणारा पोरगा पंचविशीचा, समुद्रात वाढलेला. त्याने पहिला नियम सांगितला : श्वास कधीही रोखायचा नाही. रोखून वर आलात तर फुगलेली हवा फुप्फुसे फाडते. इकडे माझा बालपणापासूनचा एकमेव जलनियम श्वास रोखण्याचाच! पाण्यात तोंड घातले की मी भात्यासारखा धापा टाकायचो आणि हवा पुरत नाही असे वाटायचे. तो म्हणाला, "काका, हवा भरपूर आसा. तुम्ही सोडतच नाय. आधी पुरी सोडा, मगे घेवा." खरेच होते. घाबरलेला माणूस श्वास नुसता घेत सुटतो. मी आकडे मोजू लागलो : चार घ्यायला, सहा सोडायला.

तिसऱ्या दिवशी होडी सिंधुदुर्गाजवळ गेली. किल्ल्याच्या पोटात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. भर खाऱ्या समुद्रात गोडे पाणी लागावे आणि पाथर्डीत लागू नये, हा विचार करायलाही मला सवड नव्हती. कारण नांगर टाकला, होडी डुलू लागली आणि आलेपाक हरला. "वर बघा, क्षितिजावर नजर ठेवा," पोरगा म्हणाला. मी ठेवली. क्षितिजही डुलत होते. "खाली असे झाले तर?" मी विचारले. "नळी तोंडात घट्ट धरून तिच्यातच ओका, काका. माशांका आवडता." जगात कुणाला तरी माझा उपयोग होता.

सौ. धप्पकन गेली. मागोमाग मी. दोन मीटरवर विहीर आठवली : तेच हिरवे पाणी, तोच कानातला गुंजारव. मी अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, 'वर न्या' हे मला पाठ होते. पोराने मान डोलावली, मला घेऊन वर आला, चकार शब्द बोलला नाही. होडीची कड हाताला लागत होती. तिथे लाटांवर पोट पुन्हा ढवळले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "लाट वरच असता, काका. खाली हलना नाय."

चार घेतले, सहा सोडले. दुसऱ्यांदा गेलो.

आणि खरेच, खाली सगळे निवांत होते. कान आणि डोळे भांडायचे थांबले, पोट शहाण्यासारखे बसले. सहा मीटरवर पोराने माझ्या दंडाचा हात काढला आणि नुसता शेजारी राहिला. मी बुडालो नाही. माझे बुडबुडे चांदीच्या पैशांसारखे वर जात होते. वाटले, तात्या असते तर त्यांना सांगितले असते : या वेळी दोर सुटला, पण मी श्वास घेत होतो.

वर आल्यावर सौ.ने विचारले, "काय दिसले हो?" मासे दिसले होते म्हणे, प्रवाळही. मला फक्त माझा श्वास दिसला. तो पाहायला साठ वर्षे आणि पाथर्डी ते मालवण एवढा प्रवास लागला.

हो, इथेही 'लागला'च.