हेड बदलले, पण अडचण कोठे होती?

मोटारीचे इंजिन म्हणजे एका अर्थी हवेचा पंपच. जास्त शक्ती हवी असेल तर जास्त पेट्रोल जाळावे लागते आणि त्यासाठी जास्त हवा आत यावी लागते. म्हणूनच इंजिनाची ताकद वाढवू पाहणारे सिलिंडरवरचे झाकण, म्हणजे 'सिलिंडर हेड', बदलण्याचा विचार करतात. ते कसे निवडावे, हे एका जुन्या उदाहरणावरून आपण पाहू.

अमेरिकेत १९३२ साली फोर्ड कंपनीने सामान्य माणसाला परवडणारे आठ सिलिंडरांचे 'व्ही-८' इंजिन बाजारात आणले. आकारमान ३.६ लिटर, शक्ती ६५ अश्वशक्ती. त्याच्या झडपा सिलिंडरशेजारी ब्लॉकमध्येच असल्यामुळे हेड म्हणजे जवळजवळ सपाट झाकण होते. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण अशा जुन्या गाड्या कोरड्या सरोवरांच्या तळांवर वेगाने पळवून पाहत. विक एडलब्रॉक यांच्यासारख्या कारागिरांनी त्यांच्यासाठी ॲल्युमिनियमची हेडे तयार केली. त्यांतील दहनकक्ष लहान असल्याने मिश्रण अधिक दाबले जाई आणि तेवढ्याच इंधनातून अधिक काम मिळे.

पण येथेच एक मेख होती. झडपेतून वर आलेली हवा हेडच्या छताखालून वळून मगच सिलिंडरमध्ये उतरे. छत खाली आणले की दाब वाढे, पण हवेची वाट अरुंद होई. शिवाय जळालेले गरम वायू ब्लॉकमधूनच बाहेर पडत आणि इंजिन तापवीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये झोरा आर्कस-डंटॉव्ह या अभियंत्याने ही कोंडी फोडली. त्यांच्या 'आर्डन' हेडमध्ये झडपा वर, अर्धगोलाकार दहनकक्षात बसवल्या होत्या. हवा सरळ आत येई, गरम वायू हेडमधूनच बाहेर जात. ब्लॉक मात्र फोर्डचाच राही. मूळ हेतू ओझ्याने तापणाऱ्या मालमोटारींचा होता. कौतुक केले ते शर्यतवाल्यांनी. तरीही ही हेडे महाग असल्याने फार थोडी खपली. पुढे १९५५ साली शेव्हरोलेचे नवे व्ही-८ इंजिन आले. त्यात वरच्या झडपा कारखान्यातूनच मिळत आणि शक्ती १६२ अश्वशक्ती होती. मग जुन्या ब्लॉकवर महागडे हेड चढवायचे कारण फारसे उरले नाही.

शिक्षकांनी वर्गात एक सरळ आणि एक मुडपलेली नळी विद्यार्थ्यांना फुंकायला द्यावी. फुफ्फुसे तीच, जोरही तोच. फरक फक्त वाटेचा. मग विचारावे: मुडपलेल्या नळीतून आणखी जोराने फुंकावे, की नळीच बदलावी? आणि नवी नळी जुन्या नळीच्या कितीतरी पट महाग असेल तर? आम्हाला वाटते, सुटा भाग 'उत्तम' आहे का, एवढेच विचारून भागत नाही. अडचण नेमकी कोठे आहे, आणि ती दूर करायला किती किंमत मोजायची, हे आधी ठरवावे लागते.