कोणाचे कोणावाचून अडते?



मी लिनक्स वापरतो म्हटले की नातेवाईकांपैकी कोणीतरी हमखास विचारते, "या वयात हे काय नवीन?" नवीन काही नाही हो. जन्मभर मुलांना इतिहास शिकवला, त्यामुळे कोणतीही वस्तू हाती आली की ती इथवर कशी आली हे शोधायची खोड जडली आहे. संगणक अपग्रेड करताना कधीकधी संदेश येतो : अमुक पॅकेजला तमुक हवे आहे, पण ते बसवता येत नाही. या एका ओळीमागे तीस वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगतो.

आधी थोडे प्राथमिक. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम आपले सगळे सामान बरोबर आणत नाही. बरीच सामाईक कामे 'लायब्ररी' नावाचे तुकडे करतात आणि अनेक प्रोग्राम ती त्यांच्याकडून करून घेतात. वाड्यातली एकच विहीर सगळ्या बिऱ्हाडांनी वापरावी तसे. जागा वाचते, आणि विहीर एकदा उपसली की सर्वांनाच चांगले पाणी मिळते. पण एका बिऱ्हाडाला जुना रहाट हवा आणि दुसऱ्याला नवा पंप, की भांडण ठरलेले!

लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची घोषणा १९९१ मध्ये केली. १९९३ मध्ये आलेल्या स्लॅकवेअरमध्ये पॅकेज म्हणजे फक्त बांधलेले गाठोडे. सोडायचे आणि वापरायचे. त्याला आणखी काय लागते ते माणसाने पाहायचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इयान मरडॉक या विद्यार्थ्याने डेबियन सुरू केले. डेबियनने प्रत्येक गाठोड्याला एक चिठ्ठी जोडली : मला कोण लागते, माझे कोणाशी पटत नाही, मी कोणाची जागा घेऊ शकतो. रेड हॅटनेही १९९५ मध्ये आरपीएम आणून अशीच सोय केली.

चिठ्ठी आली, पण त्रास संपला नाही. ती वाचून संगणक फक्त नकार द्यायचा. पुढची शोधाशोध आपली. 'क'ला 'ख' हवा, 'ख'ला 'ग' हवा, आणि 'ग'चे आधीच घरात असलेल्या 'घ'शी वाकडे. लोकांनी या प्रकाराला 'डिपेन्डन्सी हेल', म्हणजे अवलंबित्वाचा नरक, असे नावच देऊन टाकले.

यातली एक मोठी लढाई झाली १९९७-९८ च्या सुमारास. सगळ्या प्रोग्रामांचा पाया असलेली सी लायब्ररी पाचव्या आवृत्तीवरून सहाव्यावर गेली. तोडगा साधा होता. लायब्ररीच्या नावातच आकडा असल्यामुळे ५ आणि ६ एकाच संगणकावर शेजारी-शेजारी नांदू शकत. मात्र एका प्रोग्रामला दोन्हींशी सोयरीक जमत नसे. त्यामुळे तो आणि त्याच्या मदतीच्या सगळ्या लायब्ररी एकाच बाजूच्या असाव्या लागत. डेबियनने हे स्थलांतर जुलै १९९८ च्या २.० आवृत्तीत पार पाडले. पुढे मार्च १९९९ मध्ये २.१ बरोबर 'ॲप्ट' आले. ते भांडारातल्या सगळ्या चिठ्ठ्या वाचून, काय काय लागेल ते ठरवून, सर्व सामान स्वतःच आणू लागले. आरपीएमवाल्यांकडे 'यम' नावाच्या साधनाने हेच काम केले.

आता खरी गंमत. २००६ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी सिद्ध केले की दिलेले पॅकेज बसवता येईल का, हा प्रश्न गणितातल्या एका कुप्रसिद्ध अवघड वर्गातला आहे. हे वाचून मला आमचे शाळेचे वेळापत्रक आठवले. भूगोलाचे सर फक्त सकाळी मोकळे, प्रयोगशाळेला सलग दोन तास हवेत, मैदान एकच. एक तास हलवला की पाच हलायचे. तयार वेळापत्रक बरोबर आहे का हे तपासायला दहा मिनिटे पुरत, पण ते जमवायला जूनचा पहिला पंधरवडा जाई. तोच हा वर्ग! एरवी मात्र संगणक क्षणात उत्तर काढतो, कारण चिठ्ठ्या लिहिणारे लोक गुंता फार वाढू देत नाहीत.

हे लोक कोण? डेबियनमध्ये बहुतांशी स्वयंसेवक. १९ जानेवारी २०३८ रोजी जुन्या ३२ बिटांच्या घड्याळातले आकडे संपणार आहेत. त्याची तयारी म्हणून त्यांनी शेकडो लायब्ररींच्या पॅकेजांना 'टी६४' अशी शेपटी जोडली. या वेळी नवे-जुने शेजारी राहू शकत नव्हते, कारण आतल्या फायलींची नावे तीच होती. म्हणून नव्या चिठ्ठीत जुन्याला स्पष्ट 'बाजूला हो' असे लिहावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ ही आवृत्ती त्या कष्टांतून गेली आहे. अपग्रेड करताना काढायच्या पॅकेजांची लांबलचक यादी दिसली तर घाबरू नये, पण वाचल्याशिवाय होकारही देऊ नये. जुन्याच्या जागी शेपटीवाले नवे येत असेल तर ठीक. नुसतेच काही जात असेल तर थांबावे.

हल्ली काही जण म्हणतात, ही कटकटच नको, प्रत्येक प्रोग्रामने आपले सामान आपल्याबरोबर आणावे. स्नॅप आणि कंटेनर बऱ्याच अंशी तसेच चालतात. म्हणजे प्रत्येक फ्लॅटची वेगळी बोअर. भांडण नाही, हे खरे. पण एप्रिल २०१४ आठवा. ओपनएसएसएल या लायब्ररीत 'हार्टब्लीड' नावाचे भोक सापडले. जिथे ती सामाईक होती तिथे एक पॅकेज बदलून प्रोग्राम पुन्हा सुरू केले की काम झाले. जिथे ज्याच्या-त्याच्या गाठोड्यात वेगळी प्रत होती, तिथे प्रत्येक गाठोडे शोधून उघडावे लागले.

मला विचाराल तर मी विहिरीच्या बाजूचा. एकमेकांवाचून अडणे हा दोष नव्हे. आपले कोणावाचून अडते हे न सांगणे हा दोष. एकमेकांना कधी न भेटलेली माणसे तीस वर्षे हे प्रामाणिकपणे लिहून ठेवत आली, म्हणून माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसाचा संगणक एका आज्ञेत नवा होतो. कुटुंबातही अशा चिठ्ठ्या असत्या तर बरे झाले असते, नाही का?

असो. तुमचा अनुभव काय, जरूर कळवा.