कायद्याचा वर्ग आणि लोकांचे व्यासपीठ

करोल बागेतून पूर्वेस झंडेवालानच्या दिशेने निघालेला मनुष्य थोड्याच वेळात राणी झाशी मार्गावर येऊन पोहोचतो. आपल्यापैकी अनेकांचा हा नित्याचा रस्ता. पाटीवरील नाव वाचताच डोळ्यांपुढे उभी राहते ती अश्वारूढ, खड्गधारी रणरागिणी. परंतु हाती तलवार घेण्यापूर्वी लक्ष्मीबाईंनी हाती अर्ज घेतला होता, याचे स्मरण आपणांस सहसा होत नाही. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांचे निधन झाले. मृत्यूपूर्वी त्यांनी विधिपूर्वक घेतलेले दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी राज्याच्या वारसापुरते अमान्य केले आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. शास्त्राप्रमाणे झालेले दत्तविधान वैध आहे आणि पूर्वीचे करार कंपनीवर बंधनकारक आहेत, असे राणीचे म्हणणे होते. जॉन लँग नावाच्या बॅरिस्टरास बोलावून तिने त्याचा सल्ला घेतला. अर्ज फेटाळले गेले. पुढचा इतिहास सर्वांस ठाऊकच आहे.

या प्रसंगातील एक गोष्ट मनाला लागून राहते. वाद हिंदूंच्या दत्तकाचा, परंतु निर्णय कलकत्त्यात बसलेल्या परक्यांचा, आणि तोही परक्या भाषेत. ज्या समाजास आपल्यावर चालणारा कायदा वाचता येत नाही, त्याच्या हाती विनवणी तरी उरते किंवा तलवार तरी. तिसरा मार्ग कायदा शिकण्याचा. मराठी मुलखात त्या मार्गाचा आरंभ झाशी खालसा झाल्याच्या पुढच्याच वर्षी व्हावा, हा योगायोगच म्हणावयाचा.

मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी हे शिक्षण मंडळाचेही अध्यक्ष होते. न्यायदानाचे काम सांभाळून ते एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांना कायद्यावर व्याख्याने देत. १८५२ मध्ये ते स्वदेशी परतण्यास निघाले, तेव्हा नाना शंकरशेट प्रभृती नागरिकांनी त्यांच्या गौरवार्थ निधी जमविला. हा पैसा एखाद्या पुतळ्यात घालून मोकळे होणे सोपे होते. परंतु त्यातून पेरी यांच्या नावाचे न्यायशास्त्राचे अध्यासन निर्माण झाले आणि १८५५ मध्ये मुंबईत कायद्याचा वर्ग उघडला. पुढे सरकारी विधी महाविद्यालय म्हणून विख्यात झालेल्या संस्थेचे मूळ ते हेच. ही संस्था नावाने सरकारी खरी. परंतु तिच्या पायात लोकवर्गणी आहे, आणि लोकवर्गणीच्याही आधी तेथे आहेत ती व्याख्याने.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि कायद्याचे पदवीधर बाहेर पडू लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग, लोकमान्य बाळ गंगाधर टिळक ही सारी मंडळी कायद्याची पदवी घेतलेली. यांपैकी कोणीही आपली विद्या केवळ न्यायालयाच्या चार भिंतींत कोंडून ठेवली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू झाली ती रानड्यांच्या प्रेरणेने. पुढे ज्या ज्या गावी चार मराठी कुटुंबे स्थिरावली त्या त्या गावी गणेशोत्सव आणि व्याख्यानमाला या दोन गोष्टी निघाल्या. त्यांतील दुसरीचे उगमस्थान येथे आहे. टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. नंतरच्या काळात चरितार्थासाठी त्यांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षेचा वर्ग चालविला. ‘केसरी’चा संपादक सकाळी विद्यार्थ्यांस हिंदू कायदा समजावून सांगतो आणि त्याच हाताने सरकारवर अग्रलेख लिहितो, असे ते दिवस होते.

कायद्याचे ज्ञान असे रस्त्यावर आले की त्यातून एकमतच निघते, असे मात्र नाही. रखमाबाईंच्या खटल्याने १८८५ ते १८८८ या काळात सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. बालपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाणार नाही, असे एका मराठी तरुणीने न्यायालयात सांगितले आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखविली. त्यापाठोपाठ १८९१ चे संमतिवयाचे बिल आले. रानडे एका बाजूस, टिळक दुसऱ्या बाजूस. आज आपण कोणाचा पक्ष योग्य मानतो हा प्रश्न निराळा; परंतु विवाहाचा कायदा हा सर्वांनी बोलण्याचा विषय आहे, हे त्या गदारोळातून कायमचे ठरले.

पुणेकरांनी स्वतःचे विधी महाविद्यालय काढावयास १९२४ साल उजाडले. इंडियन लॉ सोसायटीच्या या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे. मिताक्षरा, व्यवहारमयूख यांसारखे धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ वकिलांच्या उपयोगासाठी इंग्रजीत आणण्याचे अवाढव्य काम त्यांनी केले. या संस्थेतून न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर आणि न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश देशास लाभले. दिल्लीकर मराठी माणसास त्यांचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु घारपुऱ्यांचा दिल्लीशी आलेला संबंध आपल्या घराघरांशी अधिक निगडित आहे. त्याकडे पुढे येतो.

तिकडे मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद १९३५ च्या जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी त्यांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली. वर्गात न्यायशास्त्र शिकविणारा प्राचार्य आणि येवल्याच्या परिषदेत सहस्रावधी अस्पृश्य बांधवांपुढे उभा राहिलेला नेता ही एकच व्यक्ती होती. महाविद्यालयाच्या नियतकालिकात १९३६ मध्ये त्यांनी कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर लेख लिहिला. कायदा हा इतर समाजविषयक शास्त्रांच्या जोडीनेच शिकला पाहिजे, नुसती कलमे पाठ करून वकील घडत नाही, असा त्यातील विचाराचा रोख आहे. १९३८ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

आता दिल्लीकडे वळू. मध्यवर्ती कायदेमंडळात मुंबईचे एक सभासद होते डॉ. गोपाळराव विनायक देशमुख, व्यवसायाने शल्यविशारद. त्यांच्या प्रयत्नाने १९३७ मध्ये हिंदू स्त्रियांच्या संपत्तिविषयक हक्कांचा कायदा झाला. तो ‘देशमुख कायदा’ याच नावाने ओळखला जातो. विधवेस पतीच्या मिळकतीत मुलाइतका वाटा त्याने दिला. परंतु तो हयातीपुरता, आणि मुलीचा प्रश्न तसाच राहिला. या कायद्यातून उद्भवलेल्या अडचणींचा विचार करण्यासाठी १९४१ मध्ये सर बेनेगल नरसिंह राव यांची समिती नेमण्यात आली. १९४४ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा तिच्या चार सभासदांत प्राचार्य घारपुरे होते. समितीने संहितेचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तो देशी भाषांतही प्रसिद्ध केला आणि १९४५ मध्ये मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली, लाहोर इत्यादी शहरी हिंडून साक्षी घेतल्या. शास्त्री आले, वकील आले, स्त्रियांच्या संस्था आल्या. कोणी पाठिंबा दिला, कोणी कडाडून विरोध केला. ज्यांच्यावर कायदा चालावयाचा त्यांस त्याविषयी विचारावे, ही गोष्ट झाशीच्या राणीच्या वाट्यास आली नव्हती.

हे बिल पुढे नेण्याची जबाबदारी स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री या नात्याने बाबासाहेबांवर आली. वर्षानुवर्षे चर्चा लांबली, आणि बिल रखडल्याच्या खेदाने, इतर कारणांसह, त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. अखेर १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा व १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा संमत झाला. त्या समयी राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त सभासद होते महामहोपाध्याय पां. वा. काणे, मुंबईच्या विधी महाविद्यालयाचे एके काळचे प्राध्यापक आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे कर्ते. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

राजीनाम्यानंतर सव्वा वर्षाने, २२ डिसेंबर १९५२ रोजी, बाबासाहेबांनी पुणे जिल्हा विधी ग्रंथालयात व्याख्यान दिले. श्रोते मुख्यत्वे वकील. विषय, लोकशाही यशस्वी होण्यास आवश्यक असणाऱ्या अटी. समाजात टोकाची विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, कायद्यापुढे व कारभारात समानता असावी, संविधानिक नीती पाळली जावी, बहुमताने अल्पमतास चिरडू नये, समाजात नीतीचे अधिष्ठान असावे आणि लोकांची विवेकबुद्धी जागी असावी. यांतील बहुतेक अटी कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाने पुऱ्या होणाऱ्या नाहीत, हे पाहण्याजोगे आहे. कायद्याच्या जाणकारांपुढे कायद्याचा मोठा पंडित सांगत होता की, कायद्याचे मूळ कायद्याच्या पुस्तकाबाहेर आहे.

या गौरवशाली इतिहासाला एक काळी बाजू आहे, ती झाकून चालणार नाही. पेरींच्या व्याख्यानांपासून पुढे बहुतेक साऱ्या विधिशिक्षणाची भाषा इंग्रजी. वर्गात स्त्रिया जवळजवळ नव्हत्या. वकिलीचा मार्ग हिंदी स्त्रियांस निःसंदिग्धपणे मोकळा झाला तो १९२३ च्या कायद्याने. अस्पृश्य मानलेल्या समाजास तर व्यासपीठ परकेच होते. आपणही या दोषापासून मुक्त नाही. ज्या राणी झाशी मार्गापासून या लेखाचा आरंभ केला, त्याच मार्गावर आंबेडकर भवन आहे. त्याची कोनशिला १९५० मध्ये बाबासाहेबांच्याच हस्ते बसली. प्रस्तुत लेखक करोल बागेत अनेक वर्षे राहिला, त्या रस्त्याने शेकडो वेळा गेला, आणि तेथील सभेस पहिल्यांदा गेला तो उतारवयात. आपल्या मंडळातील अन्य कुटुंबांची गोष्ट फारशी निराळी नसावी. बाबासाहेबांना ‘आपले’ म्हणणे सोपे. त्यांचे श्रोते होणे अवघड.

आणखी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मंडळाच्या हळदीकुंकवास जोडून वारसाहक्कावर मराठीतून एक छोटेसे भाषण झाले होते. बाहेर पडताना एक वृद्ध भगिनी जिन्यापाशी थबकल्या. गावाकडच्या भावाने एका दिवाळीत हक्कसोडपत्र पुढे केले होते आणि त्यांनी ते न वाचता सही करून दिले होते. “भाऊबीज तुटू नये म्हणून केलं. पण त्यात काय लिहिलं होतं, ते मला आज कळलं,” एवढेच त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती. कदाचित वाचूनही त्यांनी सही केलीच असती. परंतु प्रेमाने सोडणे निराळे आणि अज्ञानाने सुटणे निराळे.

दूरदेशी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत असे प्रसंग विरळा नाहीत. सातबारा गावी, सही दिल्लीत. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस जन्मतः वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली तीतून वगळल्या होत्या. केंद्राने २००५ मध्ये असा भेद न ठेवता सर्व मुलींना हा हक्क दिला. २००५ च्या त्या दुरुस्तीच्या दिवशी पिता हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हे न्यायालय आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. त्याच्या निर्णयाची वार्ता मात्र आपल्या माजघरात पोहोचावयास वर्षे लागतात.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी एक सूचना नम्रपणे मांडावीशी वाटते. मंडळाने वर्षातून एकदा तरी कायद्यावर सार्वजनिक व्याख्यान ठेवावे, आणि ते मराठीत ठेवावे. वक्त्यांची वाण पडणार नाही. राजधानीत वकिली करणारे मराठी विधिज्ञ पुष्कळ आहेत. श्रोत्यांचीही नाही. शेजारच्या जुन्या राजेंद्र नगरात प्रशासकीय सेवेच्या परीक्षेसाठी महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले-मुली लहानशा खोल्यांत राहून रात्रंदिवस संविधान वाचत आहेत. ती उद्याची कलेक्टर असोत वा नसोत, आज ती घरापासून दूर आहेत. त्यांना गणपतीच्या प्रसादाला बोलावतो तसे या सभेलाही बोलवावे. आपल्याकडे अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम पूर्वीपासून रंगत आला आहे. त्यात एकदा हक्कसोडपत्राचाच खटला चालवावा. हसू येईल आणि शिकणेही होईल.

पेरींच्या निरोपाच्या वेळी मुंबईकरांनी गोळा केलेल्या वर्गणीतून एक वर्ग उभा राहिला, आणि त्या परंपरेतील माणसांनी देशाचा कायदा बदलण्यास हातभार लावला. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे वर्गणी गोळा करूनच मराठीचा नंदादीप येथे तेवत ठेवला आहे. त्या दिव्याच्या उजेडात एखाद्या भगिनीला आपल्या सहीचा कागद वाचता आला, तर हा महोत्सव खऱ्या अर्थाने सुवर्णाचा झाला असे म्हणता येईल.