मुरवण्याची घाई : ई-सिगारेटचे घरगुती द्रव आणि उष्णता

एप्रिल-मे महिन्यांत घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीतील इमारतींच्या गच्चीवर पातळ फडके बांधलेली पातेली आजही दिसतात. कैरीचा कीस आणि साखर कित्येक दिवस उन्हात ठेवून गुजराती कुटुंबांत छुंदा केला जातो. शेजारच्या मराठी घरात त्याच कैरीचा साखरांबा गॅसवर थोड्या वेळात तयार होतो. लोणचे मात्र घाई केल्याने मुरत नाही. मुरण्याच्या क्रियेत उष्णतेने वेळ वाचतो का आणि त्याबदल्यात काय गमवावे लागते, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला नवा नाही. ई-सिगारेटमध्ये भरण्याचे द्रव घरी मिसळणाऱ्यांनी हाच प्रश्न एका वेगळ्या आणि अधिक धोकादायक पदार्थाबाबत उपस्थित केला आहे. मिश्रण काही दिवस ते काही आठवडे ठेवून देण्याला ते ‘स्टीपिंग’ म्हणतात. मराठीत त्याला ‘मुरवणे’ हाच शब्द योग्य ठरेल.

भारतात सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे. तरीही ही कृती समजावून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्याविषयीची बहुतेक माहिती परदेशातून येते आणि ती येथील हवामान, येथील घरे व येथील कायदा यांचा विचार करत नाही.

द्रवात काय असते?

आधुनिक ई-सिगारेट २००३ साली चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ हॉन लिक यांनी विकसित केली. तिच्यातील द्रवाचे मुख्य घटक चार : प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये आणि बहुधा निकोटीन. प्रॉपिलीन ग्लायकॉल तुलनेने पातळ असते आणि बहुतेक स्वादद्रव्ये त्यातच विरघळवलेली असतात. ग्लिसरीन घट्ट व गोडसर असून दाट वाफ त्यामुळे निर्माण होते. घट्ट ग्लिसरीनमध्ये पातळ स्वादद्रव्य एकजीव होण्यास वेळ लागतो. मुरवण्याची कल्पना मुख्यतः येथूनच निघाली.

मुरणे म्हणजे नेमके काय?

लोणच्यात मीठ आणि मसाला कैरीच्या फोडीच्या आत शिरावा लागतो. फोड घन असल्याने या प्रवासाला दिवस लागतात. ई-द्रवात अशी फोडच नसते. एकदा सर्व घटक सारखे मिसळले की शिरण्यासारखे काही उरत नाही. येथे ‘मुरणे’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न क्रिया येतात. पहिली म्हणजे निव्वळ मिसळणे. ती भौतिक क्रिया असून चांगले ढवळल्यास लवकर पूर्ण होते. दुसरी म्हणजे घटकांमध्ये सावकाश घडणारे रासायनिक बदल. त्यांना आठवडे लागतात आणि त्यांतील प्रत्येक बदल इष्ट असतोच असे नाही.

दुसऱ्या क्रियेचे एक ठळक उदाहरण २०१८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी समोर आणले. व्हॅनिलाचा गंध देणारे व्हॅनिलिन, बदामाचा गंध देणारे बेंझाल्डिहाइड आणि दालचिनीचा गंध देणारे सिनॅमाल्डिहाइड ही द्रव्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलशी संयोग पावून ‘अ‍ॅसिटल’ नावाची नवी संयुगे तयार करतात. हे बाटलीतच, साध्या तापमानाला घडते. ही संयुगे श्वसनमार्गातील क्षोभ जाणवून देणारे संवेदक उद्दीपित करतात, असेही या संशोधनात आढळले. मुरलेल्या द्रवाची चव ‘मऊ’ झाली असे वापरणाऱ्याला वाटते तेव्हा त्या द्रवाची घडणच काही अंशी बदललेली असू शकते.

उष्णता काय करते?

वेळ वाचवण्यासाठी बंद बाटली गरम पाण्यात ठेवणे, मंद आचेच्या विद्युत भांड्यात तासन्‌तास ठेवणे किंवा चष्मे व दागिने स्वच्छ करण्याच्या ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवणे असे उपाय केले जातात. सामान्यतः ५० ते ६० अंश सेल्सिअस तापमान धरले जाते. काही जण मायक्रोवेव्हही वापरतात. मात्र त्यात द्रव सर्वत्र सारखे तापत नाही आणि बंद बाटली फुटण्याचा संभव असतो.

मिसळण्याच्या कामी उष्णतेचा उपयोग होतो, हे मान्य केले पाहिजे. शुद्ध ग्लिसरीनचा घट्टपणा २० अंशांना सुमारे १४१० मिलिपास्कल-सेकंद असतो. तो ४० अंशांना २८४, तर ६० अंशांना अवघा ८१ होतो. म्हणजे ६० अंशांवरील ग्लिसरीन २० अंशांच्या तुलनेत सुमारे सतरा पट पातळ असते आणि स्वादद्रव्ये त्यात सहज मिसळतात.

परंतु उष्णता निवड करत नाही. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. हा वेग हव्या असलेल्या बदलांना मिळतो तसाच नको असलेल्यांनाही मिळतो. निकोटीन हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पिवळे व पुढे तपकिरी होते. उष्णता आणि प्रकाश ही क्रिया वाढवतात. द्रवाचा गडद रंग हे ‘छान मुरल्याचे’ लक्षण मानले जाते. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा निकोटीनच्या ऱ्हासाचा किंवा व्हॅनिलिनमुळे आलेला रंग असतो. फळांचे हलके गंध तर आधीच उडून जातात. अननसाचा गंध देणारे इथाइल ब्युटिरेट १२१ अंशांना उकळत असले तरी त्याची वाफ त्याहून कितीतरी कमी तापमानाला सुटते. झाकण उघडे ठेवून तापवल्यास स्वयंपाकघर सुगंधित होते आणि बाटलीतील द्रव फिके पडते.

एका गैरसमजाचा येथे खुलासा करणे योग्य ठरेल. ग्लिसरीनपासून अ‍ॅक्रोलीन किंवा फॉर्माल्डिहाइड यांसारखी घातक द्रव्ये तयार होतात ती मुख्यतः उपकरणातील तापलेल्या तारेवर, फार मोठ्या तापमानाला. ५०-६० अंशांच्या पाण्यात ती तशी तयार होत नाहीत. पण द्रव कितीही काळजीपूर्वक मुरवले तरी शेवटी ते त्याच तारेवरून जाणार असते.

मुंबईची ‘खोली’

परदेशी पुस्तकांतील ‘खोलीचे तापमान’ म्हणजे सुमारे २० अंश. अंधेरी किंवा मुलुंडमधील घरात एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा सहज ३० अंशांच्या वर असतो. ग्लिसरीनचा घट्टपणा ३० अंशांना ६१२ होतो, म्हणजे २० अंशांच्या निम्म्याहूनही कमी. जी उष्णता लंडनमधील माणसाला मुद्दाम द्यावी लागते, तिचा बराचसा वाटा मुंबईच्या कपाटाने आधीच दिलेला असतो. येथे बाटली तापवण्याचे कारण त्यामुळे आणखी कमी होते, आणि निकोटीन खराब होण्याचा वेग मात्र आधीच वाढलेला असतो.

पावसाळ्याची अडचण वेगळी. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल दोन्ही हवेतील ओलावा शोषून घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये उपनगरांतील हवेची आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. अशा दिवसांत वारंवार उघडलेल्या बाटलीत पाणी शिरते आणि मिश्रणाचे प्रमाण बदलते.

खरा धोका

चवीच्या चर्चेत मागे पडणारी गोष्ट म्हणजे निकोटीन हे विष आहे. प्रौढ माणसासाठी ६० मिलीग्रॅम प्राणघातक असल्याचे पूर्वी मानले जात असे. ऑस्ट्रियातील औषधशास्त्रज्ञ बर्न्ड मायर यांनी २०१४ मध्ये या आकड्याची फेरतपासणी करून ही मात्रा ५०० ते १००० मिलीग्रॅम असावी असे मांडले. हा दिलासा अपुरा आहे. घरगुती मिश्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या संहत द्रावणात दर मिलिलिटरला १०० मिलीग्रॅम निकोटीन असू शकते. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात ५०० मिलीग्रॅम. लहान मुलासाठी याहून पुष्कळ कमी मात्राही जीवघेणी ठरते.

निकोटीन त्वचेतूनही शरीरात जाते. ओली तंबाखूची पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या व चक्कर यांचा त्रास याच कारणाने होतो. उपनगरातील लहान सदनिकेत जेथे दूध तापते, तेथेच ही बाटली तापवली जाते. झाकण निसटले, प्लास्टिक मऊ पडले किंवा भांडे नीट धुतले गेले नाही, तर त्याची किंमत घरातील दुसऱ्याच कोणाला मोजावी लागेल. फळांचा गंध असलेले गोड द्रव मुलाला सरबताहून वेगळे ओळखता येत नाही.

स्वादद्रव्यांविषयीही सावधगिरी हवी. केकसाठी वाण्याकडे मिळणारा इसेन्स खाण्यास योग्य असतो, याचा अर्थ तो श्वासात घेण्यास योग्य असतो असा नाही. तेलयुक्त पदार्थ फुप्फुसात गेल्यास गंभीर दाह होऊ शकतो. अमेरिकेत २०१९-२० मध्ये व्हेपिंगमुळे फुप्फुसांना झालेल्या इजांची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २८०७ रुग्णांची नोंद झाली व ६८ जण दगावले. त्या प्रकरणांचा संबंध मुख्यतः गांजातील घटक असलेल्या द्रवांत मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट’ या तेलकट पदार्थाशी आढळला.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. निकोटीन नसलेला पदार्थ तापवणारे उपकरणही व्याख्येत येते. ‘उत्पादन’ या शब्दात बनवणे व जुळवणे दोन्ही समाविष्ट असून बंदी पूर्ण वस्तूइतकीच तिच्या भागांनाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निषिद्ध कृत्यांच्या यादीत वैयक्तिक वापराचा उल्लेख नाही. परंतु ‘घरीच करतो’ म्हणून मिश्रण करणे कायद्याबाहेर राहते, असे मानण्यास आधार नाही.

एवढे ध्यानात ठेवावे

असे द्रव अंगावर सांडल्यास कपडे काढून त्वचा भरपूर पाण्याने धुवावी. गिळले गेल्यास उलटी करवू नये. बाटलीसह रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. सिगारेट सोडण्यासाठी या मार्गाकडे वळलेल्यांना राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८०० ११ २३५६ हा क्रमांक अधिक उपयोगी पडेल.

गच्चीवरचा छुंदा उन्हात फसला तर कैरी आणि साखर वाया जाते. या बाटलीबाबत नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. उष्णतेने मिश्रण लवकर होते, पण मुरणे आणि बिघडणे यांतील अंतरही तीच कमी करते.